घरून ऑफिसचा सर्व्हर: विनएससीपी, पुटी, मोबाएक्सटर्म आणि बाकीची मंडळी

घरून ऑफिसच्या सर्व्हरवर काम करायचं तर आधीच सांगून टाकतो, विंडोज असेल तर विनएससीपी (फायली इकडून तिकडे न्यायला) टाका, सोबत पुटी (सर्व्हरवर कमांड मारायला) ठेवा, झालं. कारण हवं असेल त्यांनी पुढे वाचा.

आमचं युनिट बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत), मी राहतो दांडिया बाजारला, आणि ड्रॉइंगच्या सगळ्या फायली एका लिनक्स सर्व्हरवर. एरवी स्कूटर काढली की प्रश्न मिटतो पण 2024 च्या ऑगस्टसारखी विश्वामित्री नदी चढली की जाणार कुठे, तेव्हा तर मगरी सोसायट्यांत शिरल्या होत्या (बाहेरच्यांना गंमत वाटते, इथे कोणाला वाटत नाही). मग शेठही म्हणाले की घरून काम व्हायलाच पाहिजे, आणि मी एकेक क्लायंट (आपल्या पीसीवरून सर्व्हरला जोडणारं सॉफ्टवेअर) वापरून बघायला घेतला.

पुटी 1999 पासून आहे, सायमन टॅथमनी बनवलेलं, फुकट, एवढीशी एक्सई फाईल, इन्स्टॉल न करताही चालते. दिसायला अगदी विंडोज 98. सेटिंग बदललं आणि सेशनमध्ये (एका सर्व्हरच्या जोडणीची नोंद) जाऊन सेव्ह केलं नाही तर पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. नुसत्या कमांड मारायच्या तर विंडोज 10 मध्ये 2018 पासून एसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी) आयतंच मिळतं, मग पुटी कशाला? तर विनएससीपीसाठी. त्यात एक बटण दाबलं की तेच सेशन पुटीत उघडतं, आणि पुटीची पीपीके वाली कीच (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाईल) दोन्हीकडे चालते.

आता विनएससीपी. डावीकडे आपला पीसी, उजवीकडे सर्व्हर, फाईल ओढा आणि टाका. सर्व्हरवरच्या फाईलवर डबल क्लिक करा, बदला, सेव्ह करा, आपोआप वर जाते. पण मला जे आवडलं ते वेगळंच आहे, पावसात आमचं नेट दर थोड्या वेळानी जातं, आणि हे 100 केबीच्या वरची फाईल आधी फाईलपार्ट नावानी चढवतं, मधे तुटलं तर स्वतःच परत जोडून राहिलं तिथून पुढे चालू करतं, म्हणजे मोठं ड्रॉइंग पाठवायला लावून निवांत सेव-उसळ खाऊन या. अर्धवट फाईल पूर्ण समजून मशीनवाल्यानी उघडली असंही होत नाही. मला विचाराल तर क्लायंट निवडताना आधी हेच बघा, बाकी थीम-बीम नंतर.

फाईलझिला वाईट नाही, मॅक आणि लिनक्सवरही चालतं, पण डाउनलोड करताना डोळे उघडे ठेवा, काही इन्स्टॉलरमध्ये भलतंच सॉफ्टवेअर गळ्यात मारायची ऑफर असते, नुसतं नेक्स्ट नेक्स्ट करू नका. मास्टर पासवर्ड (सेव्ह केलेल्या सगळ्या पासवर्डांवरचं एक कुलूप) 2017 मध्ये आला, तोही स्वतः चालू करायचा, नाहीतर सेव्ह केलेले पासवर्ड उघड्यासारखेच पडलेले असतात. विनएससीपीतही मास्टर पासवर्ड आपणच लावायचा बरं का.

मोबाएक्सटर्ममध्ये एसएसएचनी आत शिरलं की बाजूला फायलींची पट्टी स्वतःहून उघडते, टर्मिनल आणि फाईल एकाच खिडकीत, मजा येते. फुकटवाल्यात 12 सेशनच सेव्ह होतात, आम्हाला पुरतात, पण ज्याच्याकडे ढीगभर सर्व्हर आहेत त्याला खिशात हात घालावा लागेल. मॅकवाल्यांना सायबरडक.

आणि काहीही वापरा, साधं एफटीपी (फायली पाठवायची जुनी पद्धत) नको. पोर्ट 21 वर पासवर्ड जसाच्या तसा जातो, वाटेत कोणीही वाचेल. एसएफटीपी घ्या, ते एसएसएचवरच चालतं, पोर्ट 22. काही होस्टिंगवाले आजही पहिल्या मेलमध्ये एफटीपीचाच पासवर्ड पाठवतात, सपोर्टला सांगून बदलून घ्या.

अजून एक, 2024 मध्ये पुटीत एक भोक सापडलं, पी-521 प्रकारच्या की वापरणाऱ्यांची प्रायव्हेट की बाहेरून काढता येत होती. पुटी 0.81 मध्ये दुरुस्त झालं, पण विनएससीपी आणि फाईलझिलाही त्यात अडकले होते म्हणून तिन्ही अपडेट करा, आणि तसली की असेल तर नुसतं अपडेट पुरत नाही, ती की सर्व्हरवरून काढून नवीन बनवा.

आमच्या अकाउंटवाल्या काकांना मात्र टॅलीची स्क्रीनच दिसायला हवी, तिथे यातलं काही कामाचं नाही. विंडोज होमवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपनी शिरता येत नाही, प्रो लागतं, म्हणून त्यांच्या पीसीवर रस्टडेस्क (दूरच्या पीसीची स्क्रीन दाखवणारं) टाकून दिलंय, ओपन सोर्स आहे आणि हवं तर रिले सर्व्हरही (दोन पीसींना जोडणारा मधला) आपलाच लावता येतो.