फोटो कमी, पण घरची माणसं घरच्यासारखी दिसतात

फेब्रुवारीत थोरल्या मुलीचं लग्न झालं. फोटोग्राफर ठरवायला मी दीड महिना घालवला, म्हणून सविस्तर लिहितोय. माझी ऑफसेट प्रेस आहे. पत्रिका आणि कॅटलॉग छापत 28 वर्षं गेली. चेहऱ्याचा रंग चुकला की मला लगेच खुपतं.

आधी कोल्हापुरातल्या पाच-सहा स्टुडिओंचे अल्बम पाहिले. रंकाळा, पन्हाळा, पाठमोरं जोडपं, रंगीत धूर, वरून ड्रोन. सगळीकडे कातडी नारिंगी आणि सावल्या निळसर. एकच प्रिसेट, म्हणजे रंगांची तयार सेटिंग, सगळ्यांवर फिरवलेला. हिरवा शालू काळपट पडलेला. त्या पोरांना मी दोष देत नाही. गल्लोगल्ली स्टुडिओ, मुहूर्त मोजके, आणि आपणच मोबाईलवर रील दाखवून ‘अस्संच पाहिजे’ म्हणतो.

शेवटी ज्यांना काम दिलं, त्या राजारामपुरीतल्या स्टुडिओच्या दारात पासपोर्ट फोटोची पाटी आहे. मालकांनी एकच अल्बम पुढ्यात ठेवला, पण एका लग्नाचा अख्खा. निवडक वीस फोटो कुणीही चांगले दाखवतो. “काका, ड्रोन मी ठेवत नाही. पोझ पण फार सांगत नाही. चालत असेल तर करू,” म्हणाले. वर्षाला पंधरा-सोळा लग्नं मिळतात, बाकी घर पासपोर्ट फोटो आणि शाळेच्या ओळखपत्रांवर चालतं, हेही त्यांनी सरळ सांगितलं. एवढी नजर असलेल्या माणसाला गावात एवढंच काम मिळावं, याचं मला वाईट वाटलं.

हळदीच्या आदल्या दिवशी ते घरी येऊन ऊन कुठून कधी येतं ते बघून गेले. मांडवाचं कापड गुलाबी होतं. त्यातून झिरपलेला उजेड चेहऱ्यावरही गुलाबीच पडतो, म्हणून त्यांनी पाट सोप्यात घ्यायला लावला. बायका कुरकुरल्या. पण हळदीचा पिवळा रंग अल्बममध्ये हळदीसारखाच आलाय, आणि हे नंतर संगणकावर दुरुस्त करणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे.

माझ्या आईचा कोल्हापुरी साज मुलीच्या गळ्यात होता. सोन्यावर समोरून फ्लॅश मारला की नुसते पांढरे डाग उठतात. यांनी फ्लॅश बाजूच्या भिंतीवर मारला. मासा, कासव, कारलं, एकेक पान वेगळं ओळखू येतं. अंतरपाट धरायच्या आधी आई साजाचा फासा बोटांनी चाचपून बघतेय, असा एक फोटो आहे. कुणी सांगून काढलेला नाही. किरणोत्सवाला आपण अंबाबाईच्या देवळात उन्हाची वाट बघत उभे राहतो, तसं हा माणूस कोपऱ्यात उभा असतो.

आता तक्रारी. ते मुलीच्या खोलीत असताना इकडे स्टेजवर निपाणीची मावशी कुटुंबासह येऊन गेली, तिचा फोटोच नाही. ती अजून बोलते, आणि तिचं बरोबर आहे. लग्नात स्टेजवरचे फोटो हेही कामच आहे. मनाजोगता उजेड नसला तरी ते नीट झालंच पाहिजे. दुसरा माणूस त्यांनी ठेवायला हवा. अल्बम दोन महिन्यांत देतो म्हणाले, चार लागले. दोन दिवसांचे एकूण 540 फोटो. हजारोंची सवय असलेल्यांना कमी वाटतील. 12 बाय 36 इंचांच्या एका अल्बमसह 70 हजार घेतले. छपाई मी भिंगाखाली पाहिली, चोख आहे.

धाकटीच्या लग्नालाही मी यांनाच सांगितलंय. स्टेजवर फक्त ग्रुप फोटोंसाठी एक जादा माणूस ठेवायचं त्यांनी कबूल केलंय, आणि पाहुण्यांची यादी घेऊन माझा भाऊ त्याच्या शेजारी उभा राहणार आहे. यादीत पहिलं नाव निपाणीच्या मावशीचं.