स्वीडनचं राजघराणं: बातमी कुठे वाचावी, पुरावा कुठे शोधावा

स्वीडनच्या राजघराण्याबद्दल इंटरनेटवर वाचायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत दोन टोकं समोर येतात. एकीकडे दरबाराची स्वतःची वेबसाइट, नीटनेटकी, फोटोंनी भरलेली आणि कुणालाही न दुखावणारी. दुसरीकडे साप्ताहिकं आणि सायंदैनिकं, ज्यांना राजकन्येने कुठला ड्रेस पुन्हा घातला यातच रस. खरं कामाचं जे आहे ते या दोन्हींच्या मधे आहे. ते बरंचसं फुकट आहे, पण बहुतेक स्वीडिशमध्ये. ब्राउझरचं भाषांतर चालू ठेवायची तयारी असेल तर मात्र अडायचं कारण नाही.

आधी एवढंच ठरवा: घडामोडींवर नजर ठेवायची आहे की काही शोधायचं आहे? दोन्हींसाठी एकच जागा पुरेल असं मला वाटत नाही.

दरबाराची वेबसाइट की वृत्तमाध्यमं

कुंगाहूसेत डॉट एसई ही राजदरबाराची अधिकृत वेबसाइट. राजाचे दौरे, भाषणं, पुढच्या आठवड्यांचे कार्यक्रम, कोण कुठे गेलं याच्या नोंदी इथे मिळतात. इंग्रजी विभाग आहे, पण स्वीडिश विभाग जास्त भरलेला असतो. राजवाडे पाहायला जायचं असेल तर त्यांची वेगळी वेबसाइट आहे. तारीख, पदवी, नावाचं स्पेलिंग, कार्यक्रमाचं ठिकाण अशा गोष्टींसाठी या वेबसाइटपुढे कुणीच टिकत नाही.

२०१९ च्या डिसेंबरमधला भारतदौराच घ्या. राजा कार्ल सोळावे गुस्ताफ आणि राणी सिल्व्हिया एअर इंडियाच्या विमानाने दिल्लीत उतरले, मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर स्वच्छता मोहिमेत सामील झाले आणि पुढे उत्तराखंडात गेले. आपल्याकडे त्या दौऱ्यातलं लक्षात राहिलं काय, तर विमानतळावर स्वतःची बॅग स्वतः उचलणारा राजा. फोटो फिरला आणि साधेपणाचे गोडवे गाऊन झाले. तो दौरा मुळात कशासाठी होता, कोणाच्या भेटी ठरल्या होत्या, सोबत कोण आलं होतं हे हवं असेल तर फॉरवर्ड्सचा उपयोग नाही, दरबाराच्या पानांवरच जावं लागतं.

पण याच वेबसाइटची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. अडचणीचा प्रश्न ती स्वतःहून कधी काढत नाही. राणी सिल्व्हिया यांच्या वडिलांचं प्रकरण हे याचं उत्तम उदाहरण. वाल्टर सोमरलाट हे जर्मन उद्योजक १९३४ मध्ये, ब्राझीलमध्ये राहत असताना, नाझी पक्षाचे सदस्य झाले होते. १९३९ मध्ये बर्लिनमधला एका ज्यू मालकाचा कारखाना त्यांच्याकडे आला. टीव्ही४ वाहिनीच्या शोधपत्रकारांनी २०१० मध्ये हे लावून धरलं. त्यानंतर राणीने स्वतः अभ्यास करवून घेतला आणि २०११ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. कारखान्याच्या बदल्यात त्या मालकाला ब्राझीलमधली मालमत्ता मिळाली आणि त्याला जर्मनी सोडता आलं, असं त्या अहवालाचं म्हणणं. पत्रकारांचं वाचन वेगळं होतं. दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचल्या तरच हे प्रकरण कळतं. एकच बाजू वाचून मत बनवणाऱ्यांची संख्या दोन्हीकडे भरपूर आहे.

सार्वजनिक वाहिनी एसव्हीटी मला रोजच्या बातम्यांसाठी सगळ्यांत भरवशाची वाटते. तिथे दरबाराचं कौतुकही असतं आणि प्रश्नही विचारले जातात. वर्षअखेरीस राजघराण्याच्या वर्षाचा आढावा घेणारा कार्यक्रम असतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये याच कार्यक्रमात, कोरोना हाताळण्यात आपण अपयशी ठरलो असं राजा म्हणाला आणि जगभर मथळे झाले. घटनेने राजाला राजकीय अधिकार ठेवलेलेच नाहीत, त्यामुळे त्या एका वाक्याचं वजन समजायला मूळ कार्यक्रम पाहणं गरजेचं होतं. अडचण अशी की एसव्हीटीच्या प्लेयरवरचे बरेच कार्यक्रम स्वीडनबाहेर उघडत नाहीत. स्टॉकहोम किंवा गोथेनबर्गला नोकरीला असलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न नाही. पुण्यात बसलेल्याने बातम्यांच्या मजकुरावर भागवावं.

‘एक्सप्रेसेन’, ‘आफ्तोनब्लादेत’ ही सायंदैनिकं आणि ‘स्वेन्स्क दामतीदनिंग’ हे साप्ताहिक यांचा मजकूर बराचसा पैसे भरून वाचावा लागतो. राजघराण्याचे वार्ताहर त्यांच्याकडे मुरलेले आहेत हे खरं, लग्न-बारशाच्या वेळी त्यांच्याइतकं तपशीलवार कुणी लिहीत नाही. पण ‘दरबारातल्या सूत्रांनुसार’ अशी सुरुवात असलेला लेख वाचण्यासाठी मी तरी पैसे भरायला सांगणार नाही. दरबाराचं इन्स्टाग्राम फुकट आहे, फोटो तेच असतात.

कायदा आणि पैसा: रिक्सदागची वेबसाइट

राजघराण्याबद्दलच्या निम्म्या वादांचं उत्तर संसदेच्या, म्हणजे रिक्सदागच्या, वेबसाइटवर पडून आहे आणि तिथे फारसं कुणी जात नाही. १८१० चा वारसा कायदा हा स्वीडनच्या राज्यघटनेचा भाग आहे. तो तिथे सध्या लागू असलेल्या रूपात मिळतो, इंग्रजी भाषांतरासकट. १ जानेवारी १९८० पासून पहिलं अपत्य, मुलगा असो वा मुलगी, गादीचं वारस ठरू लागलं, त्यामुळे जन्मापासून सात महिने युवराज असलेल्या राजाच्या मुलाकडून, कार्ल फिलिप यांच्याकडून, ते पद मोठी बहीण व्हिक्टोरिया यांच्याकडे गेलं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कायद्यातलं चौथं कलम फार कमी लोक वाचतात.

राजाची धाकटी मुलगी राजकन्या मॅडलेन यांचं कुटुंब २०१८ मध्ये फ्लोरिडाला राहायला गेलं तेव्हा मासिकांनी रान उठवलं: मुलं परदेशात वाढली तर गादीवरचा हक्क जाणार का? कलम उघडून पाहिलं तर चित्र बरंच वेगळं दिसतं. राजगृहातल्या, म्हणजे राजघराण्याच्या आतल्या अधिकृत गटातल्या, राजपुत्र-राजकन्यांना इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) धर्ममतात आणि देशातच वाढवलं जावं, असं ते म्हणतं. हक्क गमावण्याची शिक्षा मात्र स्पष्ट शब्दांत फक्त धर्माच्या बाबतीत लिहिली आहे. आता याच्या शेजारी ७ ऑक्टोबर २०१९ चा राजाचा निर्णय ठेवा. मॅडलेन आणि कार्ल फिलिप यांची तेव्हाची पाचही मुलं राजगृहातून बाहेर काढली गेली, ‘रॉयल हायनेस’ हा मान गेला. राजकुटुंबात, म्हणजे नातेवाइकांच्या मोठ्या वर्तुळात, मात्र ती राहिली, ड्यूक-डचेस या पदव्या राहिल्या आणि वारसाक्रमातली जागाही राहिली. कलमातला उल्लेख राजगृहाचा आहे हे लक्षात घेतलं की मासिकांमधली सगळी चर्चा दहा मिनिटांत वाचून होते.

हा राजगृह आणि राजकुटुंब यांतला फरक विकिपीडियावरही अनेक भाषांतल्या पानांवर गुळगुळीत झालेला असतो. विकिपीडिया वापरायचाच असेल तर स्वीडिश पान उघडा आणि सरळ तळाच्या संदर्भांकडे जा.

खर्चाचं म्हणाल तर सरकारच्या अर्थसंकल्पात पहिल्याच खर्चक्षेत्रात दरबार आणि राजवाडे यांच्यासाठीची तरतूद असते, तीही रिक्सदागच्या वेबसाइटवर सापडते. दरबार स्वतःचा वार्षिक अहवाल काढतो. तरतूद एकीकडे आणि अहवाल दुसरीकडे, अशी जोडी लावून वाचावं. राजेशाही नको म्हणणारी रिपब्लिकन संघटना आणि हवी म्हणणारी रॉयलिस्ट संघटना दोघीही आकडे देतात, पण दोघींचाही हिशेब आपापल्या सोयीने मांडलेला. लोकांचा विश्वास किती हे पाहायचं असेल तर गोथेनबर्ग विद्यापीठाच्या सोम संस्थेची सर्वेक्षणं घ्या. ती वर्षानुवर्षं चालू आहेत, त्यामुळे एका वर्षाच्या मथळ्यापेक्षा कल दिसतो.

इतिहासासाठी: तीन कोश, तीन स्वभाव

स्वेन्स्क्त बिओग्राफिस्क्त लेक्सिकोन, म्हणजे स्वीडिश चरित्रकोश, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेबसाइटवर पूर्ण फुकट आहे. १९१८ पासून खंड निघताहेत. तिसरे गुस्ताव, बारावे कार्ल, आजच्या बेर्नादोत राजघराण्याचे मूळपुरुष चौदावे कार्ल योहान अशांवरचे लेख म्हणजे छोटे प्रबंधच. मला त्यातला सगळ्यांत उपयोगी भाग वाटतो तो लेखाच्या शेवटचा. त्या व्यक्तीची कागदपत्रं कोणत्या संग्रहात आहेत हे तिथे लिहिलेलं असतं. दोन अडचणी आहेत. पहिली, लेख कोणत्या दशकात लिहिला गेला ते बघूनच वाचावा लागतो. दुसरी, काम अक्षरक्रमाने चाललंय आणि इतक्या वर्षांत गाडी ‘एस’च्या आसपास रेंगाळली आहे. राणी उलरिका एलेओनोरा यांच्यासाठी दुसरीकडेच जावं लागतं.

स्त्रियांपुरती ती उणीव गोथेनबर्ग विद्यापीठाचा स्वीडिश स्त्री-चरित्रकोश बरीच भरून काढतो. २०१८ मध्ये तो ऑनलाइन आला, लेख छोटे आहेत, नवे आहेत आणि स्वीडिशबरोबर इंग्रजीतही आहेत. १६५४ मध्ये सिंहासन सोडणाऱ्या राणी क्रिस्टिनापासून सुरुवात करायची असेल आणि भाषेची धास्ती असेल तर पहिलं पाऊल इथेच टाका.

तिसरा ठेवा म्हणजे प्रोजेक्ट रूनेबेर्ग. लिंशोपिंगमध्ये १९९२ साली सुरू झालेला हा स्वयंसेवी प्रकल्प जुनी नॉर्डिक पुस्तकं स्कॅन करून टाकतो. एकोणिसाव्या शतकातला ज्ञानकोश, जुनी चरित्रं हे आहेच, पण राजघराण्याच्या अभ्यासकाला खरा ऐवज म्हणजे तिथले सरकारी कॅलेंडरचे जुने अंक. कोणत्या वर्षी दरबारात कोण कोणत्या पदावर होतं, राणीच्या सेवेत कोण होतं, याची छापील यादी वर्षवार मिळते. रूनेबेर्गवरचा चरित्रपर मजकूर मात्र त्या काळच्या नजरेने लिहिलेला आहे, राजे तिथे फारच थोर असतात.

जुनी वर्तमानपत्रं

इथे वेळ घालवला तर वसूल होतो. राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून शोधता येतील अशी ठेवली आहेत. शंभराहून अधिक वर्षं जुने अंक घरबसल्या वाचता येतात. त्यानंतरचे बरेचसे कॉपीराइटमुळे फक्त त्या ग्रंथालयात किंवा जोडलेल्या ग्रंथालयांत बसून. १६४५ मध्ये सुरू झालेलं सरकारी राजपत्र ‘पोस्ट ओक इनरिकेस तीदनिंगार’ २००७ पासून फक्त ऑनलाइन निघतं. आजच्या अंकात दिवाळखोरीच्या नोटिसा जास्त असल्या तरी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले अंक दरबाराच्या बातम्यांनी भरलेले आहेत.

शोधताना मात्र युक्ती लागते. आजचे राजे स्वतःचं नाव ‘सी’ने लिहितात, इतिहासकार बहुधा ‘के’ने. गुस्तावचा शेवट कधी ‘एफ’ने होतो, कधी ‘व्ही’ने. ऑस्करमध्येही ‘सी’ आणि ‘के’ दोन्ही. १९०६ च्या शुद्धलेखन सुधारणेआधीचे शब्द तर आजच्या शब्दकोशात तसे सापडतच नाहीत. त्यात जुने अंक गॉथिक वळणाच्या टाइपात छापलेले, आणि संगणक लांब ‘एस’ला सर्रास ‘एफ’ समजतो. शून्य निकाल आला म्हणजे बातमी नव्हती असं समजू नका. माहीत असलेली तारीख धरा, त्या दिवसाचा अंक उघडा आणि पानं डोळ्यांनी चाळा. तिसरे गुस्ताव यांच्यावर १६ मार्च १७९२ च्या रात्री ऑपेरातल्या मुखवट्यांच्या नृत्यात गोळी झाडली गेली आणि २९ मार्चला ते गेले. या तेरा दिवसांचे अंक एका बैठकीत चाळून पाहा.

त्या रात्रीचा त्यांचा पोशाख लिव्हरुस्तकम्मारेन या संग्रहालयात आहे आणि संग्रहाचे फोटो ऑनलाइन पाहता येतात. चित्रं हवी असतील तर दरबाराच्या वेबसाइटवरून उचलू नका, तिथले फोटो वापरायला अटी असतात. राष्ट्रीय कलासंग्रहालयाने २०१६ मध्ये सुमारे ३,००० चित्रांच्या मोठ्या प्रती विकिमीडिया कॉमन्सवर सर्वांसाठी खुल्या केल्या. लेख, प्रेझेंटेशन, यूट्यूब, कशासाठीही त्या वापरा.

वंशावळीच्या वेबसाइटींपासून मात्र जपून. तिथे घराण्याच्या फांद्या पटकन दिसतात हे खरं, पण स्रोत विचारला तर एक वेबसाइट दुसरीकडे बोट दाखवते. राजांच्या क्रमांकाचंच घ्या. सोळाव्या शतकात योहान्नेस माग्नुस या आर्चबिशपने लिहिलेल्या इतिहासात कल्पित राजांची रांगच होती, आणि पुढच्या राजांनी ती मोजणी उचलली. पहिले सहा कार्ल इतिहासाला माहीतच नाहीत, म्हणजे आजचे सोळावे कार्ल खऱ्या गणतीत दहावे. ज्या वंशावळीत पहिले कार्ल जन्मतारखेसकट दिसतील, ती तिथेच बंद करा.

मूळ कागदपत्रं

गंभीर संशोधन करायचं असेल तर दोन नावं वेगळी ठेवा. राजवाडा अभिलेखागार हा राष्ट्रीय अभिलेखागाराचा भाग आहे. दरबाराचे जुने हिशेब, नोकरांच्या याद्या असं तिथे असतं, आणि सूची ऑनलाइन शोधता येते. बेर्नादोत अभिलेखागार मात्र घराण्याचा स्वतःचा आहे, पत्रं आणि खासगी कागद तिथे आहेत, आणि ते पाहायला परवानगी लागते. १७६६ पासून सरकारी कागद लोकांना खुले ठेवणाऱ्या देशात राजघराण्याच्या खासगी कागदांना तो नियम लागू नाही, हे पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला जरा चमत्कारिक वाटतं. त्यामुळे तिकीट काढायच्या आधी चरित्रकोशातल्या लेखाच्या तळाशी संग्रहाचं नाव पाहा, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीत त्याचा क्रमांक शोधा, आणि बेर्नादोतचा कागद निघाला तर विषय, हेतू आणि हवी असलेली वर्षं लिहून आधी पत्र टाका. स्टॉकहोममध्ये राहत असाल तर उत्तर येईपर्यंत राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन विसाव्या शतकातली वर्तमानपत्रं वाचायला घ्या. ती घरून उघडणार नाहीत.