तिकीट गाण्याचं, दर्शन पाठीचं

लेकीच्या हट्टापायी एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, सामन्याची दोन तिकिटं काढली. कोण कुणाशी खेळतंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. मध्यंतरात तिची आवडती पॉप गायिका गाणार होती, एवढंच. प्रत्येकी 78 डॉलर, वर फी, पार्किंगचे 35 वेगळे.

मी तरुणपणी ऑर्केस्ट्राचा साउंड सांभाळायचो. त्यामुळे सामना सुरू होण्याआधीच मान वर करून स्पीकर मोजायला लागलो.

मध्यंतर 15 मिनिटांचं. त्यात कोर्टवर आच्छादन टाकायचं, चाकांचं स्टेज ढकलत आणायचं, गाणं उरकायचं, सगळं आवरायचं आणि खेळाडूंना पुन्हा सरावाला जागा मोकळी करून द्यायची. सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, गाण्यासाठी मध्यंतर लांबवतात, इथे तसले लाड नाहीत. स्कोअरबोर्डवर घड्याळ उलटं धावत असतं. बाईंच्या वाट्याला आली जेमतेम साडेसहा मिनिटं. तीन गाणी, तिन्ही अर्धीमुर्धी.

त्यात स्टेजचं तोंड समोरच्या बाजूला. आम्हाला दिसली ती चमचमत्या जॅकेटची पाठ. चेहरा बघायचा तर वर टांगलेल्या स्क्रीनकडे बघा. "बाबा, हे तर घरी बसूनही दिसलं असतं," लेक म्हणाली. काय बोलणार?

आवाजाचं तर विचारूच नका. बास नुसता घुमत होता, शब्द एक कळेल तर शपथ. दुसऱ्या गाण्यात बाईंचा माइक कमरेपाशी आला तरी कोरस चालूच! तेवढं नाचत गायचं म्हटल्यावर आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकचा आधार घेतला तर मी दोष देणार नाही. पण मग 78 डॉलर कशाचे? निम्म्या खुर्च्या तर रिकाम्याच होत्या. लोक हॉटडॉगच्या रांगेत.

खरं गाणं सामन्याआधीच होऊन गेलं होतं. राष्ट्रगीताला एक मध्यमवयीन गृहस्थ आले. साधा सूट, साथीला काही नाही. या राष्ट्रगीताचा पल्ला दीड सप्तकाचा, सुरुवात चढी धरली की पुढे बोंब. त्यांनी बरोबर खालून उचललं. शिवाय 30-35 मीटरवरच्या भिंतीवर आपटून आपलाच आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास उशिरा परत येतो, आणि त्याच्या मागे गेलं की लय बिघडलीच. यांनी एका कानात बोट घातलं आणि शेवटपर्यंत ढळले नाहीत. वरचा सूर लागला तेव्हा माझ्या शेजारचा पॉपकॉर्न खायचा थांबला. 1983 च्या एनबीए ऑल-स्टार सामन्यात गायक मार्विन गेने ड्रम मशीनच्या ठेक्यावर हेच गीत गायलं होतं, त्याचं रेकॉर्डिंग मी कितीदा तरी ऐकलंय. ती गोष्टच वेगळी, पण त्या रात्री आठवण झाली खरी.

तेव्हा बास्केटबॉल आवडत असेल तर खुशाल जा, चौथा क्वार्टर तर पैसा वसूल होता. नुसत्या गायिकेसाठी जाणार असाल तर स्टेजचं तोंड कुठे असतं ते तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. आणि राष्ट्रगीताच्या आधी आत पोचा; दारावर बॅगा तपासायला आम्हाला वीस मिनिटं लागली, थोडक्यात वाचलो.

गाण्याला पाचपैकी दोन तारे, सामन्याला चार. लेकीच्या हाती तोफेतून उडवलेला एक टी-शर्ट लागला, डबल एक्सएल. तो आता मी झोपताना घालतो.