रोजच्या ब्राउझिंगला अ‍ॅडमिन अकाउंट की स्टँडर्ड?

विंडोज सेटअप करताना पहिलं अकाउंट अ‍ॅडमिनचंच (म्हणजे कॉम्प्युटरमध्ये हवे ते बदल करायची मुभा असलेलं) बनतं आणि बरेच जण वर्षानुवर्षं त्यावरच नेट वापरतात, सोयीचं आहे मान्य, पण भलतीच फाईल डाउनलोड करून उघडली की स्क्रीन अंधारते, या प्रोग्रॅमला कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का, येस की नो, असं विंडोज विचारतं (2007 च्या विंडोज व्हिस्टापासून आहे हे) आणि घाईघाईत आपण येस दाबून मोकळे. स्टँडर्डवर (म्हणजे मर्यादित परवानगीच्या साध्या अकाउंटवर) मात्र तिथेच अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकावा लागतो आणि तेवढ्यात हात थांबतो, अरे, हे काय इन्स्टॉल होतंय? मला तर हे थांबणंच लाखमोलाचं वाटतं, घरात मुलं कॉम्प्युटर वापरत असतील तर स्टँडर्डच द्या. फक्त व्हायरस शिरला तर तुमचे स्वतःचे फोटो, डॉक्युमेंट तो स्टँडर्डमध्येही लॉक करू शकतो, त्यामुळे बॅकअप दोन्हीकडे हवाच.