थ्री फेजचं बिल, भिंतीत जुनीच तार

बिलावर लिहिलंय: संपूर्ण घराचं नवीन वायरिंग, थ्री फेज (वीज तीन वेगळ्या तारांतून, म्हणजे तीन फेजमधून), १४ सर्किटं, ९६ पॉइंट, तार १९ कॉइल. १०० मीटरची एक कॉइल, म्हणजे १९०० मीटर. भिंतीतून ओढून, मोजून नवी म्हणावी अशी तार निघाली ७०० मीटर. बाकीची १२०० मीटर घरात आलीच नव्हती. ९५ टक्के पैसे देऊन झालेत आणि हातात उरलेत ते ५ टक्के. ठेकेदार फोन उचलत नाही.

तार गाळण्याची युक्ती जुनीच आहे, तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. प्रत्येक बोर्डाच्या डब्यात हातभर नवी तार दिसते. पाइपाच्या तोंडातून जरा आत गेलं की पिळून टेप गुंडाळलेला जोड, आणि त्याच्यापुढे तीच पूर्वीची तार. प्लेट उघडून बघणाऱ्याला सगळं नवंकोरं दिसतं. तपासायचं असेल तर मेन बंद करा, तारेत वीज नाही याची टेस्टरने नव्हे, मीटरने खात्री करा आणि तार वीतभर बाहेर ओढा. फसवणूक झाली असेल तर जोड बाहेर येईल, नाहीतर तार हलणारच नाही. आणि प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा, प्रत्येक जंक्शन बॉक्सचा फोटो काढून ठेवा. नंतर भांडायला तेवढाच पुरावा हाती राहतो.

थ्री फेज कशासाठी घ्यायचं? भार तीन फेजवर सारखा वाटला जावा म्हणून. डीबीत (घराच्या वितरण बोर्डात) आर, वाय, बी या तिन्ही फेजचे बसबार (वीज वाटणाऱ्या पट्ट्या) आहेत, चार पोलचा मेन आहे, दिसायला सगळं झकास. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) लावला तेव्हा आर वर ४१ अँपिअर, वाय वर ६, बी वर ३. दोन्ही एसी, गीझर, ओव्हन, पंप, सगळं एकाच फेजवर! न्यूट्रलमधून (वीज परत नेणाऱ्या तारेतून) जवळपास ३७ अँपिअर परत जात होते. हेच ५० अँपिअर १८, १६, १६ असे वाटले असते तर न्यूट्रलमध्ये २ अँपिअर उरले असते. थोडक्यात, पैसे थ्री फेजचे घेतले आणि काम सिंगल फेजचं केलं.

३२ अँपिअरचा मेन एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच) वारंवार पडू लागला तेव्हा ठेकेदाराने काय केलं? भार वाटला नाही, ६३ अँपिअरचा मेन बसवून गेला. मागची केबल ६ स्क्वेअर एमएमचीच. एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतो. ६ स्क्वेअर एमएमवर ६३ चा एमसीबी म्हणजे केबल तापून वितळेपर्यंत तो गप्प बसणार. ‘मोठा एमसीबी टाकून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा.

न्यूट्रलचीही चोरी केली. आर वरच्याच तीन सर्किटांना मिळून २.५ स्क्वेअर एमएमचा एकच न्यूट्रल. प्रत्येकावर १६ चा एमसीबी, म्हणजे पूर्ण भार आला तर त्या एका तारेत ४८ अँपिअर, आणि न्यूट्रलवर एमसीबी नसल्यामुळे काहीच पडणार नाही. सर्किट तितके न्यूट्रल, आणि प्रत्येकावर नंबरचं फेरूल (तारेवर चढवायची नंबराची नळी), हे करारातच लिहून घ्या. मेनचा न्यूट्रल ढिला राहिला तर आणखी वाईट: कमी भाराच्या फेजवर २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज चढतं आणि फ्रिज, टीव्ही, चार्जर एका झटक्यात जळतात.

पण सगळ्यात जास्त संताप येतो तो आरसीसीबीचा, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचा. ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर, चार पोल, ‘संपूर्ण घरासाठी’ असं बिलात स्पष्ट लिहिलेलं. काम ताब्यात देताना त्याने स्वतःच्या हाताने टेस्टचं बटण दाबलं. दांडी खट्कन खाली पडली. आणि पंखा फिरतच राहिला. दिवेही चालूच. तीच त्याला पकडायची वेळ होती! दांडी पडल्यावर घर बंद व्हायलाच हवं होतं. विचारलं तर उत्तर तयार होतं: ‘दिवे-पंखे मुद्दाम बाहेर ठेवलेत, नाहीतर एका फॉल्टला अख्खं घर अंधारात जाईल.’ हे उत्तर पटण्यासारखंच होतं, कारण चांगल्या कामात सर्किटं खरोखरच दोन-तीन आरसीसीबींवर विभागतात. पैसे मोजून जाणकार माणूस आणायचा आणि वर त्याच्या प्रत्येक वाक्यावर संशय घ्यायचा, असं कोण करतं?

प्रत्यक्षात त्या आरसीसीबीवर हॉलमधली दोन सॉकेटं होती. बाकी सगळं घर त्याच्या आधीच जोडलेलं. कारण सरळ आहे. भिंतीतल्या जुन्या तारांचं इन्शुलेशन वाळून तडकलंय. मेगरने (इन्शुलेशन तपासणाऱ्या मीटरने) ५०० व्होल्टला मोजलं तर एका सर्किटचं वाचन ०.०१ मेगाओहम, किमान १ तरी हवं. २३० व्होल्टला एवढ्यातून २३ मिलिअँपिअर गळतात, आणि ३० चा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. आरसीसीबी खरं सांगत होता, म्हणून त्याचं तोंड बंद केलं. टेस्टचं बटण फक्त आतली यंत्रणा चालते एवढंच दाखवतं. अर्थिंग आहे की नाही, कोणती सर्किटं मागे आहेत, हे त्याला कळत नाही. दांडी पाडा आणि घरभर फिरून काय चालू राहिलंय ते बघा.

काही सॉकेटांत अर्थची पिन न्यूट्रलला लूप केलेली सापडली. सॉकेटात खोचायचा तीन दिव्यांचा टेस्टर तिथे ‘सगळं ठीक’ दाखवतो! न्यूट्रल तुटला की वॉशिंग मशीनच्या पत्र्यात थेट फेज येणार. घरात लहान मुलं आहेत हे माहीत असताना ही जोडणी केलेली आहे.

आता तक्रारीचं ऐका. वीजपुरवठा कार्यालय म्हणतं, मीटरच्या पुढचं आमच्याकडे येत नाही. सुरक्षा तपासणीचं कार्यालय विचारतं, अपघात झाला का? नाही म्हटलं की फाइल बंद. म्हणजे कुणीतरी चिकटून मरायची वाट बघायची? पोलीस म्हणतात, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीसाठी तज्ज्ञाचा अहवाल हवा आणि त्यावर परवानाधारकाचीच सही हवी, असं सांगतात. आणि एकही परवानाधारक दुसऱ्याच्या विरोधात सही करायला तयार नाही. तोंडी सगळे सांगतात, ‘फार वाईट काम आहे हो’. कागद पुढे केला की हात मागे. ज्या परवानाधारकाच्या सहीने चाचणीचा दाखला निघाला, त्याने या घराचा उंबरठाही ओलांडलेला नाही. दाखल्यावर १४ च्या १४ सर्किटांचं वाचन १०० मेगाओहम, एकसारखं. अशी वाचनं खऱ्या घरात येत नाहीत. एवढा कागद टेबलावर ठेवूनही त्यात चूक काय आहे हे बघायची तसदी कुणी घेतली नाही.

तार स्वतः विकत आणा, रिकाम्या कॉइलची लेबलं जपून ठेवा. २.५ स्क्वेअर एमएमच्या १०० मीटर तारेत तांबं सव्वादोन किलोच्या आसपास भरतं. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असेल तर निम्म्याहून कमी. त्याच १०० मीटरचा रोध ०.८ ओहमच्या वर नको. काम सुरू होण्याआधी सर्किटनिहाय तक्ता मागा: फेज कोणता, एमसीबी किती, तार किती, मागे आरसीसीबी कोणता. मेगर आणि आरसीसीबीची चाचणी तुमच्यासमोर, तुमच्या माणसाच्या मीटरने: ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांत, १५० ला ४० मिलिसेकंदांत पडायला हवा. तोवर किमान २० टक्के रक्कम द्यायची नाही, ‘उद्या माणसं दुसऱ्या साइटवर जातील’ असं तो कितीही म्हणाला तरी. आणि जुनी काढलेली तार मोजून स्वतःच्या ताब्यात घ्या. ती जेवढी कमी भरेल, तेवढी भिंतीत राहिलेली आहे.