सायबर कायद्याची शनिवार-रविवारची पदविका: पुराव्याच्या शिकवणीत अव्वल, छापील टिपणांत मागे

माहिती तंत्रज्ञानविषयक कायदे शिकवणाऱ्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचे गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईत पेव फुटले आहे. त्यांपैकी पुण्यातील एका खासगी संस्थेचा, शनिवार-रविवारी भरणारा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. मी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कायदेविषयक अनुपालनाचे काम पाहते. वर्गात माझ्यासारखे नोकरदार, नव्याने सनद घेतलेले वकील आणि काही बँक कर्मचारी होते. इतक्या वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या लोकांना एकत्र शिकवणे सोपे नसते, हे मान्य करूनच पुढचे लिहिते आहे.

सुरुवात अपेक्षेप्रमाणे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 पासून होते. 17 ऑक्टोबर 2000 रोजी अमलात आलेल्या या कायद्याचा मूळ भर इलेक्ट्रॉनिक नोंदींना आणि डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता देण्यावर होता. ओळखचोरीचे 66क किंवा संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणुकीचे 66ड ही आज पोलीस ठाण्यात रोज ऐकू येणारी कलमे 2008 च्या दुरुस्तीने आली. हा भाग कलमे वाचून दाखवण्याच्या पद्धतीने शिकवला जातो आणि तो कंटाळवाणा आहे. अपवाद कलम 43 आणि 66 यांच्या नात्याचा. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकातील माहिती उतरवून घेतली, तर 43 खाली नुकसानभरपाई मागता येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल, तर 66 खाली गुन्हा होतो. भरपाईचा पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा दिवाणी न्यायालयात नव्हे, तर न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे, म्हणजे आपल्याकडे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो, हे ऐकून वर्गातले वकीलही सावरून बसले.

अभ्यासक्रमाचे खरे बळ इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या सत्रांत आहे. ती घेणारे वकील सत्र न्यायालयात नियमित उभे राहतात आणि ते शिकवण्यातून जाणवते. त्यांनी प्रारंभच जालन्याच्या खटल्याने केला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर दाखल केला, असा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला होता आणि त्यांची भिस्त निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रणावर होती. चित्रणाच्या तबकड्या मिळाल्या. पण इलेक्ट्रॉनिक नोंद कोणत्या उपकरणातून, कशी काढली हे सांगणारे, पुरावा कायद्याच्या कलम 65ब प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने संबंधित अधिकाऱ्याच्या साक्षीवर भिस्त ठेवून निवडणूक रद्द ठरवली. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कारण स्वीकारले नाही: मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्यच, तोंडी साक्षीने त्याची जागा भरून निघत नाही. मात्र ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले, त्याच्यावर अशक्य गोष्टीची सक्ती करता येणार नाही, असे सांगून आणि इतर पुरावा ध्यानात घेऊन अंतिम निकाल कायम ठेवला. हा निकाल मी आधी वाचला होता, परंतु उलटतपासणी आणि पत्रव्यवहाराच्या तारखा फळ्यावर मांडून तो उलगडताना पाहणे ही वेगळीच गोष्ट होती.

त्यानंतर प्रात्यक्षिक. मोबाइलवर काढलेल्या एका चित्रफितीची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने निघणारी तिची ओळखखूण, पडद्यावर काढून दाखवली गेली. तीच फीत व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून दुसऱ्या फोनवर उतरवली आणि पुन्हा हॅश काढली, तर चौसष्ट अक्षरांची ती ओळ पार बदललेली. डोळ्यांना दोन्ही चित्रणे सारखीच दिसत होती, पण मधल्या प्रवासात फीत दाबून लहान केली गेली होती. जुन्या पुरावा कायद्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र मग प्रत्येकाकडून भरून घेण्यात आले. त्याचा पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. उपकरणाची बनावट, अनुक्रमांक, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि हॅश कोणत्या पद्धतीने काढली, हे सारे त्यात लिहावे लागते. सरांनी एकेक कागद लाल पेनाने तपासून परत दिला. कार्यालयात मला सर्वांत आधी उपयोगी पडले ते हेच.

इतक्या चोख शिकवणीशेजारी संस्थेची छापील टिपणे मात्र लाजिरवाणी आहेत. त्यांत अद्याप भारतीय न्याय संहितेने मोडीत काढलेल्या भारतीय दंड संहितेची जुनी कलमे आहेत आणि आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ चालू कायदा असल्याप्रमाणे दिले आहे. पालघरमधील दोन तरुणींना 2012 मध्ये एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्या प्रकरणात गाजलेले हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जात असल्याबद्दल त्याच न्यायालयाला 2021 मध्ये धक्का व्यक्त करावा लागला होता. अशी टिपणे पाहिली की ते कसे घडत असेल, याचा थोडा अंदाज येतो. व्यवस्थापनाकडे तक्रार केल्यावर ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ एवढेच उत्तर मिळाले.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणालाही न्याय मिळालेला नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, अडीचशे कोटी रुपयांपर्यंतचा दंड, नोव्हेंबर 2025 मध्ये आलेले आणि टप्प्याटप्प्याने लागू होणारे नियम हे सगळे एकाच दुपारी उरकण्यात आले. सायबर घटना सहा तासांत सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा) कळवण्याचे 2022 चे निर्देश तर प्रश्न विचारल्यावर आले. समाजमाध्यमांच्या 2021 च्या नियमांवरील व्याख्यान त्यामानाने बरे झाले, विशेषतः सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खरा की खोटा हे ठरवणाऱ्या सरकारी तथ्य-तपासणी कक्षाची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये कशी रद्द केली, हा भाग; दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर तिसऱ्यांकडे प्रकरण जाते म्हणजे नेमके काय होते, हे बिगरवकिलांनाही समजले.

अंतिम परीक्षा बहुपर्यायी असल्याने प्रमाणपत्र लिहिण्याचे कौशल्य तिथे तपासले जात नाही. पंचवीस हजारांच्या घरातील शुल्क फौजदारी काम करणाऱ्या वकिलांना, अंतर्गत चौकशी हाताळणाऱ्यांना आणि तपास यंत्रणेतील लोकांना परवडेल असे मी म्हणेन; केवळ विदा संरक्षणासाठी येणाऱ्याने मात्र दुसरा अभ्यासक्रम शोधावा. सत्रांचे ध्वनिचित्रमुद्रण परीक्षेनंतर महिनाभरच पाहता येते, तेव्हा पुराव्याच्या सत्रांची स्वतःची टिपणे वर्गातच काढून ठेवावीत. छापील टिपणे शुल्कात धरलेली आहेत, नको म्हटले तरी पैसे कमी होत नाहीत.