सुझन हिलची 'द वुमन इन ब्लॅक' : सहा महिने जवळ बाळगल्यानंतर

गेल्या आठवड्यात या इंग्रजी भुताच्या कादंबरीचं सहावं प्रकरण अख्खं सुटून हातात आलं. दोनशेच्या आसपास पानं, साडेतीनशे रुपये किंमत, आणि कण्याला दोऱ्याचा पत्ता नाही, नुसता गोंद. ऑनलाइन विक्रेत्याला फोटो पाठवले, तर 'रिटर्नची मुदत संपली' एवढं एकच वाक्य उत्तरात आलं. दहा दिवसांची मुदत! पुस्तकाची बांधणी दहा दिवसांत कशी कळणार? शेवटी फेविकॉल लावून जाड शब्दकोशाखाली ठेवलंय. राग अजून गेलेला नाही. पण सुटलं ते नेमकं सहावं प्रकरण, कारण मी सतत तेच उघडत होते. त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. डॅनियल रॅडक्लिफचा 2012 चा सिनेमा पाहिलेले पुष्कळ आहेत. फक्त एवढं सांगते की सिनेमातला नायक आर्थर किप्स विधुर आहे, त्याला लहान मुलगा आहे. 1983 च्या मूळ कादंबरीतला आर्थर लग्न ठरलेला, उत्साही, थोडा शिष्ट तरुण वकील आहे. मिसेस ड्रॅब्लो नावाची म्हातारी अशील वारली, तिचे कागद आवरायला तो ईल मार्श हाउसला जातो. सिनेमा दचकवतो. पुस्तक तसं करत नाही, आणि 'काहीच घडत नाही' ही तक्रार करणारे बहुधा सिनेमाची अपेक्षा ठेवून आलेले असतात.

आता ते सहावं प्रकरण. ईल मार्श हाउस दलदलीत आहे आणि तिथे जायला एकच वाट, भरती आली की ती पाण्याखाली जाते. हाजी अलीची वाट भरतीत बुडताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना नकाशा समजवायला नको. फरक एवढाच की इथे दोन्ही बाजूंना माणूस गिळणारा चिखल आहे. आर्थर टांगेवाल्या केकविकची वाट न बघता चालत परत निघतो. अर्ध्या वाटेवर समुद्रावरून धुकं येतं, पुढचं मागचं दिसेनासं होतं. मग टापांचा आणि चाकांचा आवाज. त्याला हायसं वाटतं, केकविक आला! आवाज जवळ येतो, लांब जातो, दिशा बदलतो. मग घोड्याचं खिंकाळणं, चिखलाने काहीतरी ओढून घेतल्यासारखा आवाज, आणि एका लहान मुलाची किंकाळी. दिसत काहीच नाही. आर्थर धावून तरी कुठे जाणार? वाट सोडली तर तोही गेला. या हतबलतेने मला जेवढं घाबरवलं तेवढं शीर्षकातल्या त्या काळ्या कपड्यातल्या बाईच्या भुताने नाही.

ही सगळी भीती कानांची आहे, म्हणूनच या कादंबरीचं नाटक इतकं चाललं असावं. स्टीफन मॅलाट्रॅटने केलेलं रूपांतर 1987 मध्ये इंग्लंडमधल्या स्कारबरोला, म्हणजे हिल यांच्या जन्मगावी, पहिल्यांदा झालं आणि लंडनच्या वेस्ट एंडमध्ये 1989 पासून 2023 पर्यंत चालू होतं. जवळपास सगळ्या भूमिका दोन नट करतात, वेताची एक पेटी टांगा होते, आणि बाकीचं काम ध्वनिमुद्रित आवाज करतात. प्रेक्षक धुक्यात आर्थरच्या शेजारी उभा राहतो.

आता माझ्या मतातला बदल. पहिल्या वाचनानंतर मी वहीत लिहून ठेवलं होतं, 'ख्रिसमसचं पहिलं प्रकरण काढून टाकलं तरी चालेल.' म्हातारा आर्थर, शेकोटी, भुतांच्या गोष्टी सांगणारी मुलं. शिवाय तो जगला हे आधीच कळतं, मग उत्कंठा कसली? दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्यांदा वाचलं आणि ते मत सोडून दिलं. (शेवट ठाऊक नसेल तर पुढचा परिच्छेद गाळा.)

त्या शेकोटीभोवतीची मुलं बायकोच्या पहिल्या लग्नाची आहेत. हिल हे सहज सांगून पुढे जातात. आर्थरचं स्वतःचं मूल घरात नाही, आणि तो एवढा मोठा माणूस का असेना, गंमत म्हणून सांगितलेल्या भुताच्या गोष्टीने उठून बाहेर अंधारात निघून जातो. तो वाचला खरा, पण त्याच्याबरोबर कोण वाचलं नाही, हे पहिल्याच प्रकरणात लिहिलेलं आहे. ते प्रकरण काढलं तर शेवट नुसता धक्का उरेल.

ईल मार्श हाउसच्या बंद खोलीतल्या आवाजाचंही असंच. रात्री ठक-ठक ऐकू येते आणि आर्थरला घाबरण्याआधी काहीतरी ओळखीचं, लहानपणी सुरक्षित वाटायला लावणारं आठवतं. ती मुलांची खोली असते, आणि आवाज झुलत्या खुर्चीचा. आई-दाईच्या मायेची खूण तीच आणि भीतीची खूणही तीच. धारप, मतकरी यांच्या भयकथा वाचत वाढलेल्या माणसाला हे विशेष आवडेल. स्पायडर ही कुत्री तर मला माणसांपेक्षा जवळची वाटली. शीळ ऐकून ती दलदलीकडे धावते तो भाग मी आजही भराभर उरकते.

नावडलेलं एकच, पण ते कायम आहे: त्या घरात सापडलेलं पत्रांचं गाठोडं. जेनेट हम्फ्री ही बाई कोण, तिचं मूल कसं दुरावलं, हे सगळं पत्रांतून आणि मृत्यूच्या दाखल्यांतून इतकं सरळ उलगडतं की धुकं थोडं विरतं. आर्थरला निम्मंच कळलं असतं तरी मला पुरलं असतं.

इंग्रजीची धास्ती बाळगू नका. भाषा जुन्या वळणाची आणि वाक्यं लांब आहेत, पण इंग्लंडमध्ये हे शाळेत अभ्यासाला लावलेलं पुस्तक आहे. घरात तान्हं मूल असेल तर मात्र सध्या नका घेऊ, मनापासून सांगते. शेवटची दोन पानं सहन होणार नाहीत. बाकीच्यांनी जरूर घ्या, दुकानात जाऊन, मधलं पान पूर्ण उघडून, कणा बघून. शिवलेली प्रत मिळाली तर शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील.